फुलीगोळा जमला, आता आकडे कोण तपासणार? रिॲक्टच्या अधिकृत धड्यांची चिकित्सा

संशोधनाच्या तयारीत असलेल्या विद्यार्थ्यांकडून हल्ली एक प्रश्न हमखास येतो. "डेटा दाखवायला छोटंसं वेब ॲप करायचंय, रिॲक्ट शिकू का?" प्रश्न रास्त आहे. नमुन्यांच्या नोंदी भरायला फॉर्म हवा असतो, तालुकावार आकडे निवडून बघायचे असतात, गाइडला घरबसल्या आलेख दाखवायचा असतो. एक्सेलची फाईल मेलवर फिरवून सगळेच कंटाळलेले असतात.

या प्रश्नाला सरळ हो किंवा नाही म्हणण्याऐवजी आज वेगळं काम करू. रिॲक्टच्या स्वतःच्या संकेतस्थळावर 'शिका' म्हणून जो विभाग आहे, तो आपण पाठ्यपुस्तक तपासतो तसा तपासू. चांगलं काय, अपुरं काय, आणि नोकरीसाठी नव्हे तर संशोधनासाठी शिकणाऱ्याला त्याचा उपयोग किती, ते बघू.

परीक्षण करायचं तर निकष आधी सांगायला हवा. व्हायवाला परीक्षक एखाद्या तक्त्यावर बोट ठेवतात आणि विचारतात, "हा आकडा कुठून आला?" तुमच्या ॲपने दाखवलेल्या प्रत्येक आकड्याबद्दल या प्रश्नाचं उत्तर देता आलं पाहिजे. ते उत्तर द्यायला हे धडे किती तयार करतात, एवढंच मी बघणार आहे. बटणं किती सुंदर होतात हा आपला विषय नाही.

आधी थोडी ओळख

रिॲक्ट फेसबुकमध्ये तयार झालं आणि मे २०१३ मध्ये सर्वांसाठी खुलं झालं. लोक त्याला फ्रेमवर्क म्हणतात, ते स्वतःला लायब्ररी म्हणवतं. हा वाद बाजूला ठेवू, कारण शिकणाऱ्याला त्याने फरक पडत नाही. मूळ कल्पना सोपी आहे. स्क्रीनचे छोटे छोटे भाग करायचे, त्यांना कंपोनंट म्हणायचं. प्रत्येक कंपोनंट म्हणजे एक फंक्शन. त्याला माहिती द्यायची, ते त्या माहितीचं चित्र परत देतं. माहिती बदलली की चित्र पुन्हा काढलं जातं. "या चौकटीतला मजकूर पुसून तिथे तो लिही" असं ब्राउझरला हाताने सांगत बसावं लागत नाही.

फेब्रुवारी २०१९ मध्ये १६.८ या आवृत्तीत हुक्स आले आणि लिहिण्याची पद्धत बरीच बदलली. शिकवण्याचं साहित्य मात्र पुढची काही वर्षं जुन्या पद्धतीभोवतीच रचलेलं होतं. मार्च २०२३ मध्ये नवं संकेतस्थळ आलं, आणि आपण तपासतोय ते धडे याच नव्या रचनेतले. त्यात चार मोठी प्रकरणं आहेत: स्क्रीनचं वर्णन कसं करायचं, वापरणाऱ्याला प्रतिसाद कसा द्यायचा, स्टेट कशी सांभाळायची, आणि रिॲक्टच्या बाहेरच्या जगाशी जोडणी कशी करायची. बहुतेक पानांच्या शेवटी सोडवायला प्रश्न आहेत आणि कोड तिथेच बदलून बघता येतो. सोबत एक सलग धडा आहे, फुलीगोळ्याचा खेळ.

फुलीगोळ्याचा धडा

हा धडा मला खरंच आवडतो, आणि त्याचं कारण त्याची शिस्त आहे. नऊ चौकटींचा खेळ, बस. पण लेखकांनी त्यात चुका मुद्दाम पेरल्यात. तुम्ही दोन बटणं शेजारी शेजारी लिहिता, लगेच एरर येतो. चौकटीत किंमत दाखवायला जाता आणि नऊही चौकटींत 'व्हॅल्यू' हा शब्दच छापून येतो, कारण महिरपी कंस द्यायचा राहिलेला असतो. पुढे क्लिक सांभाळणारं फंक्शन नुसतं द्यायच्या ऐवजी जागीच चालवलं जातं आणि ॲप अनंत फेऱ्यांत अडकतं. धडा म्हणतो, हे असं का झालं ते बघ, मग सुधार.

प्रयोगशाळेत चांगला सीनियर हेच करतो. टायट्रेशनचा एंडपॉइंट एकदा ओलांडू देतो, मग सांगतो. एरर वाचायची सवय लावणं ही या धड्याची सगळ्यात मोठी कमाई. यूट्यूबवरच्या बऱ्याच व्हिडिओंत सगळं पहिल्या फटक्यात चालतं, म्हणून बघणाऱ्याला आपल्याच मशीनवर काहीतरी बिघडलंय असं वाटत राहतं.

दुसरी चांगली गोष्ट म्हणजे मूळ नोंद न बदलण्याचा आग्रह. खेळाडूने चाल केली की नऊ किमतींची जुनी यादी तशीच ठेवायची, तिची प्रत काढायची आणि बदल प्रतीत करायचा. सुरुवातीला हे उगाचच वाटतं. पण पुढे 'मागच्या चालीवर जा' ही सोय करायची वेळ येते, तेव्हा कळतं की जुन्या प्रती जपल्या नसत्या तर मागे जाताच आलं नसतं. कच्चा डेटा कधीही बदलायचा नाही, हे रिसर्च मेथडॉलॉजीच्या तासाला नुसतं सांगितलं जातं. इथे ते करून बघायला मिळतं.

जावास्क्रिप्टमध्ये या नियमाला विशेष अर्थ आहे. यादी क्रमाने लावायची सॉर्ट ही नेहमीची सोय मूळ यादीच उलटीपालटी करते. समजा तारखांची एक यादी आहे आणि पावसाच्या मोजमापांची दुसरी. मध्यक काढायला तुम्ही मोजमापं सॉर्ट केलीत. मध्यक मिळेल, पण कुठलं मोजमाप कुठल्या तारखेचं हे नातं तुटलेलं असेल, आणि एरर येणार नाही. वर आणखी एक गंमत: काही न सांगता सॉर्ट केलं तर आकडेसुद्धा अक्षरांसारखे लावले जातात. म्हणजे १, ९ आणि १० यांचा क्रम १, १०, ९ असा लागतो. आता मध्यक काढा! प्रत काढायची सवय पहिल्या संकटातून वाचवते. दुसऱ्याबद्दल मात्र फुलीगोळा काही बोलत नाही.

तिसरी गोष्ट शेवटाकडे आहे आणि घाईत वाचणाऱ्याच्या हातून ती निसटते. खेळात 'आता कोणाची पाळी' हे वेगळं साठवलेलं असतं. शेवटच्या आवराआवरीत धडा ते काढून टाकतो. चाल कितवी आहे हे माहीत असेल तर पाळी त्यावरूनच निघते: सम असेल तर फुली, विषम असेल तर गोळा. मग तीच गोष्ट दोन जागी कशाला ठेवायची? दोन जागी ठेवली की कधीतरी दोन्ही जागी वेगवेगळी होणार. पूर्ण धड्यातला हा सगळ्यात शहाणा बदल आहे.

मोजलेलं आणि काढलेलं

हाच विचार 'रिॲक्टच्या पद्धतीने विचार करणं' या पानावर विस्ताराने येतो. त्याचं मूळ रूप २०१३ मधलं आहे, म्हणजे रिॲक्टइतकंच जुनं. फळं आणि भाज्यांची एक यादी, वर शोधायची चौकट, आणि फक्त शिल्लक असलेला माल दाखवायची सोय. पान तुम्हाला विचारतं, यातलं नेमकं काय साठवायला हवं? त्यासाठी तीन प्रश्न देतं. ही गोष्ट वेळेनुसार बदलत नाही का? ती वरच्या कंपोनंटकडून मिळते का? दुसऱ्या कशावरून काढता येते का? यातल्या एकालाही उत्तर 'हो' आलं, तर ती साठवायची नाही.

तिसरा प्रश्न वहीत लिहून ठेवा. मोजलेलं आणि मोजलेल्यावरून काढलेलं यांतला फरक म्हणजे निम्मं संशोधन. वजन आणि आकारमान मोजता, घनता काढता. ॲपमध्ये तिन्ही स्वतंत्र साठवलीत आणि नंतर वजनाची दुरुस्ती केलीत, तर घनता जुनीच राहील. मग 'हा आकडा कुठून आला' याचं उत्तर 'मागच्या मंगळवारच्या वजनावरून' असं होईल. हे पान नीट वाचलेला विद्यार्थी रिॲक्ट उद्या विसरला तरी आपलं एक्सेल जास्त चांगलं रचेल. या विभागातलं एकच पान वाचायचं असेल तर हे वाचा.

'कंपोनंट शुद्ध ठेवा' हे पानही याच जातीचं. त्यात चक्क मसाला चहाची कृती आहे: माणसं सांगा, पाणी, चहापत्ती, मसाला आणि दुधाचं माप मिळेल. दोन माणसांसाठी विचारलंत तर दर वेळी तेच माप यायला हवं. सोमवारी एक आणि गुरुवारी दुसरं असं चालणार नाही. मग ते एक बिघडलेलं उदाहरण देतं. कंपोनंट बाहेरचा एक मोजणारा आकडा वाढवत बसतं आणि पाहुण्यांचे क्रमांक १, २, ३ यायच्या ऐवजी २, ४, ६ येतात. कारण विकासाच्या काळात स्ट्रिक्ट मोडमध्ये रिॲक्ट प्रत्येक कंपोनंट मुद्दाम दोनदा चालवून बघतं. दोनदा चालवून निकाल वेगळा आला तर पद्धतीतच खोट आहे. आपण रेप्लिकेट घेतो ते कशासाठी? पुनरुत्पादनक्षमता हा जड शब्द याहून सोप्या भाषेत मी फार कमी ठिकाणी पाहिलाय.

धडा थांबतो तिथे

आता तक्रारी.

फुलीगोळ्यातला सगळा डेटा ॲपच्या आत जन्मतो. नऊ चौकटी, प्रत्येकीत फुली, गोळा किंवा काहीच नाही. चौथी शक्यताच नाही. भाजीपाल्याची यादीही कोडमध्येच आयती लिहिलेली. आपल्या कामात डेटा बाहेरून येतो, आणि तो कसा येतो ते तुम्हाला माहीत आहे. कोणी 'निरंक' लिहिलेलं असतं, कोणी रेघ मारलेली असते, कोणी जागा रिकामी सोडलेली असते.

एक साधं उदाहरण करून बघा. फॉर्ममध्ये दोन वाचनं भरली, १२ आणि १५. फॉर्ममधून येणारी किंमत ही अक्षरांची माळ असते, दिसायला आकडा असला तरी. जावास्क्रिप्टमधलं अधिकचं चिन्ह आकड्यांची बेरीज करतं, पण माळ दिसली की जोडणी करतं. शून्यापासून सुरू करून दोन्ही मिळवलेत तर हाती २७ नाही, '०१२१५' ही माळ येते. तिला दोनाने भागलं की भाषा मुकाट्याने तिचा आकडा करते आणि उत्तर येतं ६०७.५. सरासरी हवी होती १३.५.

६०७.५ निदान डोळ्याला खटकतं. पुढचं खटकतही नाही. रिकाम्या माळेचं आकड्यात रूपांतर करायला सांगितलंत तर जावास्क्रिप्ट शून्य देते. म्हणजे 'त्या दिवशी वाचन घेतलं नाही' याचं 'त्या दिवशी पाऊस पडला नाही' होतं. दहा दिवसांतली तीन वाचनं राहिली असतील तर सरासरी सातांवर काढायला हवी, ती दहांवर निघेल, आणि उत्तर इतकं पटण्यासारखं असेल की कोणाला संशय येणार नाही. वर ते नीटनेटक्या तक्त्यात, गोल कोपऱ्यांच्या चौकटीत दिसेल. चोपडीतल्या खाडाखोडीकडे आपण संशयाने बघतो. स्क्रीनवरच्या स्वच्छ आकड्याकडे तसं बघायची सवय अजून आपल्याला नाही. धोका आहे तो इथेच.

सर्व्हरवरून डेटा कसा आणायचा हे धड्यांत आहे, नाही असं नाही. आणि जिथे आहे तिथे काम चोख आहे. समजा तुम्ही आधी सातारा निवडला आणि लगेच सांगली. साताऱ्याचं उत्तर उशिरा आलं तर ते सांगलीच्या मथळ्याखाली दिसू शकतं. जुनं उत्तर दुर्लक्षित कसं करायचं, हे धडा दाखवतो. पण हे सगळं येतं चौथ्या प्रकरणात, 'बाहेर पडायच्या वाटा' म्हणून. अनेकजण फुलीगोळा संपवतात, पहिली दोन प्रकरणं चाळतात आणि ॲप बनवायला बसतात. संशोधनाच्या ॲपमध्ये जी गोष्ट पहिल्या दिवशी लागते, तिच्यापर्यंत ते पोचतच नाहीत.

नोंदवहीचा नियम

'मागच्या चालीवर जा' या सोयीबद्दलही थोडं बोलायला हवं. तुम्ही सातव्या चालीवरून चौथीवर आलात आणि तिथून नवी चाल केलीत, तर जुनी पाचवी, सहावी आणि सातवी इतिहासातून गळून जातात. खेळासाठी हे बरोबरच आहे. प्रयोगाच्या नोंदवहीत मात्र हे चालत नाही. तिथे चुकलेल्या नोंदीवर एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, बाजूला सही आणि तारीख. टाकून दिलेला रस्ताही नोंदीतच राहतो.

नोंदी भरायचं ॲप करणारा विद्यार्थी हा धडा गिरवेल आणि इतिहासाची सोय आपोआप मिळाली असं समजेल. त्याला मिळालेली असेल 'अनडू'ची सोय. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. धड्यात एक वाक्य जादा असतं तर काम झालं असतं.

की हा विषयसुद्धा असाच. यादीतल्या प्रत्येक ओळीला स्वतःची ओळख द्या, नुसता क्रमांक देऊ नका, असं धडा बजावतो. मग स्वतः चालींना क्रमांकच देतो, आणि कारणही सांगतो: चालींचा क्रम बदलत नाही, मधली चाल काढून टाकली जात नाही, म्हणून इथे चालतं. कारण बरोबर आहे. पण घाईतला वाचक कारण सोडतो आणि कोड उचलतो. टेस्टट्यूबची ओळख 'रॅकमधली तिसरी' अशी ठेवून बघा, कोणी रॅक हलवला की काय होतं ते. ट्यूबवर नमुना क्रमांकाचं लेबल लागतं, तसंच ओळीलाही.

तपासणी कुठे आहे?

सगळ्यात मोठी उणीव ही. जिंकलं कोण हे ठरवणारं फंक्शन धडा आयतं देतो. आठ रेषा असतात, तीन आडव्या, तीन उभ्या आणि दोन तिरक्या. हे फंक्शन बरोबर आहे का, ते तपासायला कोणी सांगत नाही. रिॲक्टशी त्याचा थेट संबंध नाही, हे खरं. पण खेळाचा निकाल तेच ठरवतं. तुमच्या ॲपमध्ये त्या जागी तुमचं सूत्र असेल.

पूर्ण झालेल्या खेळात नऊही चौकटी भरा, कोणीच जिंकणार नाही अशा. वरती काय लिहून येतं? पुढची पाळी गोळ्याची! जागा एकही शिल्लक नाही, तरी ॲप पुढच्या चालीची वाट बघत बसतं. लेखकांना हे माहीत आहे, शेवटी दिलेल्या सुधारणांच्या यादीत 'बरोबरी झाली तर तसं दाखवा' असं आहेच. पण ते शोभेच्या कामांसोबत आलंय, जिंकलेल्या चौकटी रंगवा वगैरे. टोकाच्या परिस्थितीत चुकीचं उत्तर येणं ही सजावट राहून गेल्याची बाब नव्हे. 'शिका' विभागात चाचण्यांसाठी स्वतंत्र प्रकरण असतं, तर हा फरक तिथे सांगता आला असता. ते नाही.

तुम्ही ते स्वतः करा. आठ रेषा, दोन खेळाडू, म्हणजे सोळा जिंकलेले डाव. एक रिकामा, एक बरोबरीचा. एकूण अठरा डाव कागदावर मांडा, अपेक्षित उत्तर आधी लिहा आणि मग फंक्शनला विचारा. अर्ध्या तासाचं काम आहे. उत्तर आधी लिहून मग मशीनला विचारणं, एवढी एक सवय लागली तरी पुष्कळ.

मराठी नोंदींचं काय?

क्षेत्रभेटीच्या नोंदी मराठीत घेणाऱ्यांसाठी हा भाग. यात रिॲक्टचा दोष नाही, भाषेचा स्वभावच तसा आहे. पण धड्यांत हे येणार नाही म्हणून सांगतो.

देवनागरीत '१२' भरलंत तर जावास्क्रिप्टला तो आकडा वाटत नाही. रूपांतर करायला गेलात तर 'हा आकडाच नाही' अशी किंमत मिळते. आधी अंक बदलून घ्यावे लागतात.

क्रम लावताना भाषेला मराठी वर्णमाला माहीत नसते, ती संगणकातले सांकेतिक क्रमांक बघते. 'ॲ' या अक्षराचा क्रमांक 'ह'च्याही पुढे आहे, म्हणून 'ॲसिड' हे 'हळद'च्या नंतर लागतं. आणि 'ळ' मधेच, 'ल'च्या मागोमाग येतो. तुलना मराठीच्या नियमांनी कर, असं सांगायची सोय इंटल या अंगभूत गटातल्या कोलेटरमध्ये आहे. ती वापरा.

सगळ्यात चकवणारी गोष्ट म्हणजे हाच 'ॲ' दोन प्रकारे टाइप होतो: एकाच अक्षराने, किंवा 'अ' वर चंद्र देऊन. डोळ्याला दोन्ही सारखे, मशीनला वेगळे. प्रजातींची किंवा गावांची नावं मोजताना एकाच नावाचे दोन गट पडले, तर आधी हे तपासा.

सहा वर्षं टिकेल का?

यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएचडीला किमान तीन आणि साधारण कमाल सहा वर्षं मिळतात. आता हे बघा. फेब्रुवारी २०१९ मध्ये हुक्स आले. मार्च २०२३ मध्ये शिकवण्याचं साहित्य नव्याने आलं. आणि नवीन प्रकल्प सुरू करायला वर्षानुवर्षं सुचवलं जाणारं क्रिएट रिॲक्ट ॲप हे साधन फेब्रुवारी २०२५ मध्ये अधिकृतपणे मोडीत निघालं. २०१९ मध्ये नोंदणी करून २०२५ मध्ये प्रबंध देणाऱ्याच्या डोळ्यांसमोर हे सगळं घडलं. जुन्या पद्धतीने लिहिलेले क्लास कंपोनंट अजून चालतात, हे रिॲक्टच्या बाजूने सांगायला हवं. गुगलच्या अँग्युलरजेएसचा आधार तर जानेवारी २०२२ मध्ये थांबलाच.

उलट बाजूला सर्नमध्ये तयार झालेलं १९९१ चं पहिलं वेबपान. त्याची जतन केलेली प्रत आजच्या ब्राउझरमध्येही उघडते. साधं एचटीएमएल टिकतं. धडे याबद्दल गप्प आहेत, आणि हे नैसर्गिकच आहे. कंपन्यांचं ॲप दर आठवड्याला नव्याने प्रकाशित होतं, त्यांच्याकडे माणसं असतात. तुमच्या ॲपला तुम्ही एकटे. शोधगंगेवर प्रबंधाची पीडीएफ जाते, ॲप जात नाही. प्रबंधात 'अधिक तपशील ॲपवर पाहावा' असं लिहिलंत, आणि चार वर्षांनी ॲप उघडलं नाही, तर तेवढा पुरावा गेला.

बाजू मांडायची तर

कोणी म्हणेल, हे परीक्षण अन्यायाचं आहे. रिॲक्ट स्क्रीन बनवायचं साधन आहे, ते संख्याशास्त्र किंवा नोंदवहीची शिस्त कशाला शिकवेल? मुद्दा बरोबर आहे. लेखकांसमोर जो वाचक होता, त्याच्यासाठी हे धडे उत्तमच आहेत. विद्यापीठांतली बरीच पाठ्यपुस्तकं इतकी काळजीने लिहिलेली नसतात.

पण वाचक बदलला की पुस्तकाची किंमत बदलते. हे धडे आकडा स्क्रीनवर पोचवायला शिकवतात. तो आकडा तिथे असायला लायक आहे का, हा प्रश्न त्यांच्या कक्षेबाहेर राहतो. कंपनीत त्यासाठी दुसरा माणूस असतो, तपासणारा. तुमच्या टेबलावर तो माणूसही तुम्हीच असता. आणि धडा पूर्ण झाल्यावर येणारं 'जमलं!' हे समाधान त्या दुसऱ्या माणसाला झोपवून टाकतं.

मग वाचायचं कसं?

आधी ठरवा, रिॲक्ट लागतंय का. एकदाच दाखवायचे चार आलेख असतील तर साधं एचटीएमएल पान पुरे. विश्लेषण आर किंवा पायथनमध्ये असेल तर शायनी किंवा स्ट्रीमलिट बघा, गणित आणि स्क्रीन एकाच भाषेत राहतील. नेहमीपेक्षा वेगळे आलेख काढायचे असतील तर डी३ आहे. त्याच्या मूळ २०११ च्या शोधनिबंधाचे पहिले लेखक माइक बोस्टॉक तेव्हा स्टॅनफर्डला पीएचडीच करत होते. रिॲक्ट तेव्हा घ्या, जेव्हा वापरणारा पुष्कळ ठिकाणी हात लावणार असतो आणि एका ठिकाणचा बदल दहा ठिकाणी दिसायला हवा असतो.

घ्यायचं ठरलं तर क्रम थोडा बदला. फुलीगोळा पूर्ण करा, हाताने टाइप करून. मग 'रिॲक्टच्या पद्धतीने विचार करणं' वाचा, पण भाजीपाल्याच्या जागी तुमच्या विषयाचा तक्ता मांडा. त्यातलं काय मोजलेलं आणि काय काढलेलं, ते कागदावर दोन रकान्यांत लिहा. त्यानंतर मधली प्रकरणं लांबवून चौथ्यातला डेटा आणायचा भाग आधी वाचा. तुमच्या डेटाची वीस ओळींची छोटी फाईल करा, तिच्यात रिकामी जागा, रेघ, 'निरंक' आणि देवनागरी अंक मुद्दाम पेरा. ॲपने त्या प्रत्येकीचं काय केलं ते बघा. सूत्रं कंपोनंटच्या बाहेर वेगळ्या फाईलमध्ये ठेवा, म्हणजे स्क्रीनशिवाय तपासता येतील. शेवटी कोड, लॉक फाईल आणि डेटा एकत्र करून झेनोडोसारख्या ठिकाणी ठेवा, तिथे डीओआय मिळतो. आणि प्रबंधात लागणारा प्रत्येक तक्ता ॲपबाहेर साध्या सीएसव्हीतही असू द्या.

माझा निकाल असा. रचना कशी करावी हे शिकायला हे धडे पहिल्या वर्गाचे आहेत. मूळ नोंद जपा, तीच गोष्ट दोनदा साठवू नका, दोनदा चालवून तेच उत्तर येतं का बघा, या तीन गोष्टींसाठी तरी वाचाच. आकड्यावर विश्वास ठेवायच्या बाबतीत मात्र ते तुम्हाला दारापर्यंत सोडतात. आतलं काम तुमचं. ॲप तयार झालं की गाइडला दाखवायच्या आधी त्यातला कुठलाही एक आकडा निवडा आणि कॅल्क्युलेटरवर स्वतः काढून बघा. जुळला तर दुसरा निवडा.